योनेल उर्दानेताचा राखून ठेवलेला निकाल

योनेल उर्दानेता या माणसाने बावीस वर्षांत, सात देशांत मिळून तीनशे सत्तर सामन्यांत गोलंदाजी केली आणि त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. तो वाईट खेळायचा असं कुणी समजू नये. त्याचा संघ जिंकायचा, पुष्कळदा त्याच्यामुळेच जिंकायचा. पण बेसबॉलमध्ये विजय संघाच्या नावावर लागतो तसा एका गोलंदाजाच्याही नावावर लागतो, आणि तो कुणाच्या नावावर लावायचा याचे नियम वाचून आमच्या परीक्षा विभागातल्या शोभा मॅडमनीसुद्धा हात टेकले असते.

हे मी अधिकाराने सांगते, कारण मी स्कोअरर आहे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी सोळा वर्षं काढली. मग माझ्या नवऱ्याला, हेमचंद्रला, ॲमस्टरडॅमची नोकरी लागली, आम्ही आल्मेरेत घर घेतलं आणि मी त्याच्या व्हिसाला लटकून दोन वर्षं घरात बसले. मुलीला, ज्ञानदाला, सॉफ्टबॉल खेळायचा होता म्हणून शेजारच्या गावातल्या क्लबात नाव घातलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या नगरपालिकेतली माणसं अजून मला ओळख देतात. क्लबाचा नियम असा की मूल खेळत असेल तर आईबापाने फुकट काहीतरी काम करायचं. तीन कामं शिल्लक होती: कॅन्टीनमध्ये बटाटे तळणं, गणवेश धुणं आणि सामन्याचा स्कोअर लिहिणं. तळण्यासाठी आणि धुण्यासाठी मी देश सोडला नव्हता. स्कोअरचा तक्ता मात्र कुणालाच नको होता, कारण त्यात बारीक बारीक तेवीस रकाने होते. मी तो तक्ता बघितला आणि नेदरलँड्समध्ये आल्यापासून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

तर योनेल. तो व्हेनेझुएलातल्या माराकाइबोचा. सोळाव्या वर्षी एका अमेरिकन संघाने त्याला उचललं आणि ‘रिलीफ पिचर’ केलं. म्हणजे पहिला गोलंदाज दमला, लंगडला किंवा मार खाऊ लागला की ज्याला बोलावतात तो. तोपर्यंत त्याने मैदानाच्या कडेला एका बाकावर बसायचं. बाकाजवळ फोन असतो. फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा. आत जायची वेळ आली तर जायचं, नाही आली तर परत बसायचं. योनेलने उभ्या आयुष्यात टाकलेले चेंडू कमी भरतील आणि बसलेले तास जास्त.

अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्येही तो तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत फोन दोनदा वाजला. एकदा दुसऱ्या गोलंदाजासाठी, आणि एकदा फोन चालतोय का ते बघायला. चौथ्या दिवशी त्याला खाली धाडलं. चेंडूच टाकला नाही, त्यामुळे त्या लीगच्या दप्तरात त्याचं नाव नाही. पुढे मेक्सिको, निकाराग्वा, इटली करत तो आमच्या क्लबात आला. इथला पगार नुसत्या बेसबॉलवर भागत नाही, म्हणून डीमन गावच्या पोहण्याच्या तलावावर तो जीवरक्षक झाला. तिथेही काम तेच. उंच खुर्चीत बसायचं आणि कुणी बुडत नाही ना ते बघायचं.

संघ थोडक्यात पुढे असला की शेवटच्या डावात योनेलला आणायचे. तो आघाडी टिकवायचा. त्याला ‘सेव्ह’ म्हणतात, राखलेला सामना. असे दोनशे अकरा सामने त्याच्या नावावर होते. विजय मात्र आधीच्या माणसाच्या नावावर जायचा. दर रविवारी त्याची आई माराकाइबोहून फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, ‘जिंकलास का?’ तो सांगायचा, संघ जिंकला. ती म्हणायची, मी ते विचारलं नाही. हे बावीस वर्षं चाललं होतं. अडतिसाव्या वर्षी त्याच्या खांद्याने मान टाकली, आणि त्या सप्टेंबरात शेवटचा सामना खेळून थांबायचं त्याने ठरवलं. त्याला आता एकच गोष्ट हवी होती. आईला एकदा तरी ‘हो’ म्हणायचं होतं.

आता तो सायकलरस्ता.

आमच्या मैदानाची डावी बाजू आणि योनेलचा बाक यांच्यामधून नगरपालिकेने सायकलींचा नवा रस्ता काढला. क्लबाने हरकत घेतली. नगरपालिकेने रीतसर सभा बोलावली, कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट दिलं आणि आकडे मांडले. या रस्त्याने दिवसाला एकोणीसशे सायकली जाणार. रिलीफ पिचर वर्षाला एकतीस वेळा रस्ता ओलांडतो. तेव्हा सायकलींना अग्रक्रम. पिचरसाठी मात्र सिग्नल बसवू, बटण दाबलं की काही वेळाने हिरवा होईल. सगळ्यांनी हे फार समंजस आहे असं म्हणून माना डोलावल्या. योनेलने पहिल्याच महिन्यात एकदा घाईत लाल दिवा मोडला आणि दंड भरला. त्यानंतर संघ बुडत असला तरी तो बटण दाबून हिरव्याची वाट बघत उभा राहायचा.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. आमच्या पहिल्या गोलंदाजाच्या बोटाला फोड आला आणि तो चौथ्या डावातच बाहेर गेला. इथे लक्ष देऊन वाचा. पहिला गोलंदाज पाच डाव टिकला नाही तर विजय त्याच्या नावावर लागत नाही. मग मागाहून आलेल्यांपैकी ज्याने उत्तम काम केलं त्याला तो द्यायचा, आणि उत्तम कोण हे ठरवतो स्कोअरर. म्हणजे मी.

दुसरा आला सँडर, आमच्याच गावचा सुतार. त्याने आठव्या डावापर्यंत खेचलं, दोन रन दिले, काम पास होण्यापुरतं केलं. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाला आम्ही एका रनने पुढे होतो. मॅनेजरने फोन उचलला. पंचाने मोठ्याने पुकारलं, योनेल उर्दानेता. पुकारलं की तो कागदोपत्री खेळात आला. नव्या गोलंदाजाला मैदानात पोचायला दोन मिनिटं मिळतात. त्यापुढे दर वीस सेकंदांना एक चेंडू वाया गेला असं धरतात. चार चेंडू वाया गेले की फलंदाज न खेळता पहिल्या बेसवर चालत जातो.

त्याच वेळी सायकलरस्त्यावर कुठल्याशा मंडळाची सहल आली. तीनशे माणसं, सगळी चकचकीत घट्ट कपड्यांत. स्कोअररसाठीच्या माझ्या उंच खोक्यातून कुंपणावर सरकणारी हेल्मेटं तेवढी दिसत होती, आणि पलीकडे न हलणारी एक लाल टोपी. दिव्याचं तोंड पलीकडे, त्यामुळे तो लाल की हिरवा ते इकडून कळत नव्हतं. मॅनेजरने मैदान सोडलं असतं तर पंचाने त्यालाच हाकललं असतं. योनेलबरोबर बाकावर बसणारा गडी त्या दिवशी कॅन्टीनच्या पाळीवर बटाटे तळत होता.

दोन मिनिटं झाली. पंच घड्याळ बघून मोजू लागला. एक. दोन. तीन. चार. पहिला फलंदाज चालत गेला. परत चार, दुसरा गेला. परत चार, तिसरा गेला. मधल्या उंचवट्यावर गोलंदाज नाही, हवेत चेंडू नाही, आणि समोरच्या संघाने तिन्ही बेस भरले. आणखी एक चालत गेला की एक रन, म्हणजे बरोबरी. मी इमानेइतबारे बारा ठिपके काढले. गोलंदाजाचं नाव: उर्दानेता.

मग लाल टोपी हलली. योनेल फाटकातून आला, सावकाश उंचवट्यावर चढला, आणि नऊ चेंडूंत तीन फलंदाज बाद केले. तीन बाद म्हणजे डाव संपला, सामना आमचा. एकाची बॅटसुद्धा चेंडूला लागली नाही. आयुष्यात मी इतकं सुंदर काही दुसऱ्यांदा पाहीन असं वाटत नाही.

पोरांनी त्याला उचललं. अध्यक्षांनी निरोपाची भेट दिली, लाल रिबिनीची नवीकोरी सायकल. कुणीतरी मोबाइलवर त्याची आई धरली होती, ती पडद्यावर हात जोडून बसलेली. आणि मग हळूहळू सगळी माणसं माझ्या खोक्याकडे वळली. सँडर तर स्वतः आत आला आणि म्हणाला, त्याचंच नाव लिही, मी दोन रन दिलेत. हेमचंद्र खाली उभा होता. त्याचं म्हणणं, अगं, ही एज केस आहे, नियमाच्या काठावरची, टाक लिहून, कोण बघतंय.

कोण बघतंय हे वाक्य मला चालत नाही. सोळा वर्षांत मी एकही ग्रेस मार्क मनाने दिलेला नाही. माझा सख्खा दीर आशुतोष आमच्याच कॉलेजात गणितात एका मार्काने लटकला होता. सासूबाईंनी देवासमोर बसवून सांगितलं. मी दिला नाही. त्याचं वर्ष गेलं आणि सासूबाई वर्षभर माझ्याशी भिंतीकडे बघून बोलल्या. आज तो उत्तम कमावतो आणि घरातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला ही गोष्ट सांगतो.

पण परीक्षा विभागात आणखी एक रीत असते. प्रश्नच चुकीचा छापला असेल तर पेपर काढणाऱ्याची चूक मुलाच्या माथी मारायची नाही, त्याला पूर्ण मार्क द्यायचे. ती ग्रेस नव्हे, तो हक्क. अट एवढीच की मुलाने तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलेला असला पाहिजे, निदान प्रश्नक्रमांक तरी लिहिलेला असला पाहिजे. माझ्या मते तो सिग्नल म्हणजे चुकीचा छापलेला प्रश्न होता. ते तीन फुकट गेलेले फलंदाज सिग्नलच्या माथी गेले तर उत्तम योनेल, योनेलच्या माथी राहिले तर सँडर. तेव्हा मी खोक्याच्या खिडकीतून विचारलं, याने बटण दाबलं होतं का?

योनेल म्हणाला, दाबलं होतं. मी म्हटलं, उमेदवाराच्या तोंडी सांगण्यावर निकाल लागत नाही. आणि तक्त्याच्या समासात मी लिहिलं, ‘विजय: निकाल राखून ठेवला.’ पडद्यावरच्या आईने जोडलेले हात सोडले. मला वाईट वाटलं, आणि तरी मी सही केली.

दुसऱ्या दिवशी बेसबॉल संघटनेतून फोन. म्हणाले, निकाल राखून ठेवायचा असा रकाना आमच्याकडे नाही. मी म्हटलं, म्हणूनच समासात लिहिलंय. त्यांनी दोन दिवस घेतले आणि कळवलं की असं आजवर कुणी केलेलं नसल्याने त्याला मनाईही नाही. मी नगरपालिकेला अर्ज केला: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक सिग्नलची नोंद मिळावी. उत्तराची मुदत चार आठवडे. त्या चार आठवड्यांत क्लबात माझ्याशी कुणी बोललं नाही. कॅन्टीनमध्ये मला सगळ्यात गार कॉफी मिळायची. ज्ञानदा डचमध्ये म्हणाली की आई, मी खेळायला जाताना तू प्लीज मला सोडायला येऊ नकोस. आणि माराकाइबोहून दर रविवारी फोन यायचा, आणि योनेलला सांगावं लागायचं, अजून लागला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. सोबत सेकंदांसकट नोंद. तीन वाजून बारा मिनिटं चार सेकंदांनी बटण दाबलं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या टाळी वाजवली. प्रयत्न केला होता, प्रश्नक्रमांक लिहिला होता, पूर्ण मार्क.

मग पुढची ओळ वाचली. तीन वाजून तेरा मिनिटांनी दिवा हिरवा. सायकली थांबल्या, नऊ सेकंद. त्यानंतर जवळजवळ पाच मिनिटं कुणीही बटण दाबलेलं नाही. तीन अठराला दुसऱ्यांदा दाबलं, या वेळी लगेच हिरवा झाला, आणि तेव्हा तो आला.

ते पत्र फक्त मी वाचलं होतं. फाडून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, मला त्याला ते मार्क द्यायचे होते. आशुतोषलासुद्धा द्यावेसे वाटले नव्हते इतके द्यायचे होते. पण विचारल्याशिवाय राहवेना. मी गाडी पकडून डीमनला गेले.

तलावावर बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या चढवून मी फरफटत त्याच्या खुर्चीखाली जाऊन उभी राहिले. खाली बारकी पोरं इथल्या रीतीप्रमाणे कपड्यांसकट पोहायची परीक्षा देत होती. मी वर पत्र धरलं. त्याने वाचलं नाही.

“हिरवा झाला होता,” तो म्हणाला. “मी बघितला.”

“मग आला का नाहीस?”

पाण्यावरून नजर न हलवता तो म्हणाला, “बावीस वर्षं मी फोन वाजायची वाट बघतोय, सेन्योरा. त्या दिवशी वाटलं, हा रस्ता ओलांडला की मग मला परत कुणी बोलावणार नाही. म्हणून जरा थांबलो. जराच.”

“तीन माणसं चालत गेली, योनेल.”

“मला ऐकू येत होतं. पंच मोठ्याने मोजतो.”

मी म्हटलं, मग प्रश्न चुकीचा नव्हता. तूच तो सोडलास. तुझं नाव मला लावता येणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे. एवढ्यात एक पोरगं नियम मोडून कडेला धरून बसलं, त्याला त्याने शिट्टी मारली. मग खाली वाकून म्हणाला, “आईला मात्र मी नाही सांगणार. निकाल तुम्ही लावलाय, तुम्ही सांगा.”

घरी येऊन मी तक्ता काढला आणि विजयाच्या रकान्यात सँडरचं नाव लिहिलं. योनेलला आपोआप सेव्ह मिळाला, दोनशे बारावा. रात्री मला जेवण गेलं नाही. ताट हेमचंद्रनेच उचललं.

रविवारी क्लबाच्या कॅन्टीनमध्ये योनेलने फोन लावला आणि माझ्यासमोर टेकवून ठेवला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, चष्म्याची बाई. मागे पंखा. मी तिला सगळं सांगितलं: बोटाचा फोड, सायकली, बटण, हिरवा दिवा, पाच मिनिटं. योनेल एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये करत होता. हिरव्या दिव्यापाशी तो अडखळला. मी म्हटलं, ते पण सांग. त्याने सांगितलं. शेवटी मी म्हटलं की बाई, मी तुमची क्षमा मागत नाही, कारण निकाल बरोबर आहे, पण गेला महिनाभर मला नीट झोप नाही.

मग तिने एकच विचारलं, आणि योनेलने ते मला करून सांगितलं.

“म्हणजे शून्यच?”

“शून्यच,” मी म्हटलं.

तिने चष्मा काढला, पदरासारखं काहीतरी ओढून तो पुसला, परत घातला. आणि मुलाकडे बघून काहीतरी बोलून तिने फोन ठेवला. योनेल तिथेच बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता, त्यामुळे मला काहीच समजेना. मी विचारलं, काय म्हणाली?

“म्हणाली, बरं. मग पुढच्या रविवारी विचारते.”

त्याच संध्याकाळी त्याने अध्यक्षांना सांगितलं की मी थांबत नाही. अध्यक्षांना आनंद झाला, पण लगेच चेहरा पडला, कारण निरोपाची सायकल देऊन झाली होती. माणूस गेला नाही तर निरोपाची भेट परत घ्यायची का, यावर कार्यकारिणीची खास बैठक झाली. दोन तास आणि चार थर्मास कॉफीनंतर ठरलं की सायकल त्याच्याकडे राहील, मात्र पुढच्या निरोपाला फक्त फुलं मिळतील. हे रीतसर इतिवृत्तात आहे. ते मीच लिहिलं.

एप्रिलमध्ये पहिला सामना. नववा डाव, एका रनची आघाडी, मॅनेजरने फोन उचलला, पंचाने पुकारलं. कुंपणापलीकडे लाल टोपी उठली. या वेळी ती थांबली नाही, सरकायला लागली. योनेल सायकलवर होता. झेलायचा हातमोजा कॅरियरवर चिमट्यात अडकवलेला. सायकलवर बसला म्हणजे तो पायी चालणारा राहिला नाही. बटण नाही, दिवा नाही, अग्रक्रम त्याचाच. वीस मीटर रस्त्याने येऊन, डावा हात नीट बाहेर काढून तो फाटकातून वळला आणि थेट उंचवट्यापाशी उतरला. स्टँड लावलं. कुलूपही लावलं, कारण हे नेदरलँड्स आहे. पंचाने नियमपुस्तक मागवून चार मिनिटं चाळलं. मैदानात सायकल आणू नये असं त्यात कुठेही नव्हतं. आणि योनेल पोचला तेव्हा घड्याळात अजून एक मिनिट दहा सेकंद शिल्लक होते.

त्याने तिघांना बाद केलं. सेव्ह दोनशे तेरा, विजय शून्य. त्या रकान्यातलं शून्य मी जरा सावकाश, चांगलं गोल काढलं. मग खोक्यातून खाली उतरले, कारण रविवार होता आणि कॅन्टीनमध्ये फोन वाजत होता.